मणक्यातले अकरा पट्टे

नजीर शिकलगारची पाठ धरली ती पोफळीच्या ट्रकतळावर, सकाळी सव्वादहाला, सगळ्यांच्या देखत. साखरेने भरलेला ट्रक त्याने कुंभार्ली घाटातून नेहमीसारखा खाली आणला होता, मोटर बंद केली होती आणि उतरण्यासाठी डावा पाय दाराबाहेर काढला होता. तो पाय तसाच हवेत राहिला. आत घेता येईना, खाली टाकता येईना. "काय नजीरभाई, फोटो काढायचाय व्हय?" असं म्हणून खालच्या पोरांनी आधी चेष्टा केली. मग त्याचा चेहरा पाहिला आणि चौघे धावले. त्याला खाली घ्यायला पाऊण तास लागला.

बातमी वर हेळवाकच्या तळावर पोचली तेव्हा महिपती कणसे दिवाळीनंतरच्या नव्या तुकडीची यादी वाचत होते. कणसे हे घाटवाटा रोडलाइन्सचे प्रशिक्षक. तळावरची दीडशे माणसं त्यांना मास्तर म्हणत. वय अठ्ठावन्न, चाल ताठ, आवाज खणखणीत. नजीर त्यांच्या हाताखाली शिकलेला. त्यांनी यादी बाजूला ठेवली आणि एवढंच विचारलं, "पाय हलतोय का?" सांगणाऱ्याने मान खाली घातली.

साल दोन हजार एकेचाळीस. सपाटीवरचे ट्रक आता आपल्या अकलेने चालत. कराडहून निघालेली साखर हेळवाकपर्यंत येई तेव्हा केबिनमध्ये चिटपाखरू नसे. पण घाट आला की यंत्राची अक्कल अपुरी पडे. धुकं, म्हशी, वळणावर चुकीच्या बाजूने घुसणारा मोटारवाला, रस्त्यात आलेला धोंडा, यातलं काहीही दिसलं की यंत्र मधोमध थांबून वरिष्ठांचा आदेश मागत बसे आणि मागे दोन किलोमीटर रांग लागे. शेवटी कायदाच झाला की घाटात माणूस हवा. त्यातून 'घाटवाले' नावाची नवी जमात तयार झाली. हेळवाकला रिकाम्या केबिनमध्ये चढायचं, ट्रक पोफळीला उतरवून द्यायचा, दुसरा घेऊन वर यायचं. दिवसाला आठ-दहा खेपा आणि नुसती वळणं. सरळ रस्ता घाटवाल्याच्या नशिबी नव्हता.

या घाटवाल्यांची एक रीत होती. केबिनमध्ये चढलं की स्टिअरिंगला हात लावून तो कपाळाला न्यायचा आणि मग डावीकडे वाकून सीटखालची कडी घालायची. ट्रकची सीट रबरी हवापिशवीवर बसवलेली असते. चाकाला धक्का बसला की सीट तरंगत खालीवर होते आणि धक्का माणसाच्या पाठीपर्यंत पोचत नाही. दुरुस्तीच्या वेळी सीट हलू नये म्हणून कंपनीने खाली एक लोखंडी कडी दिलेली असते. ती घातली की सीट आणि ट्रकचा सांगाडा एक होतो. मग रस्त्यावरचा एकही खड्डा पाठीला चुकत नाही.

कंपनीच्या पुस्तकात पान चौदावर स्वच्छ लिहिलं होतं : घाटात सीट मोकळी ठेवावी. मास्तर प्रत्येक तुकडीला हे पान वर्गात मोठ्याने वाचून दाखवत. तासाभराने शिकवणीच्या ट्रकमध्ये बसले की म्हणत, "आता पुस्तक ठिवा खाली," आणि स्वतः वाकून कडी घालत. "ब्रेक तापला की आधी कुणाला कळतं? मीटरला न्हाई, ढुंगणाला कळतं. तरंगत्या सीटवर काय डोंबल कळणार?" कुणी पाठीचं विचारलं तर छातीवर थाप मारून सांगत, "माझ्याकडं बघा. सदतीस वर्सं चालवतोय. वाकलोय का?"

पोरं बघत. मास्तर खरोखरच वाकलेले नव्हते.

*

नजीरने भरपाई मंडळाकडे दावा केला. तिसऱ्या आठवड्यात सुरक्षा व्यवस्थापक अनघा पालेकर यांनी मास्तरांना केबिनमध्ये बोलावलं. बाई दोन वर्षांपूर्वीच आलेल्या, हुशार, सरळ. चहा मागवून त्यांनी पडद्यावर नजीरच्या कण्याचं चित्र लावलं.

"हा त्याचा अस्थिलेख, मास्तर. यात वाद घालण्यासारखं काही नाही."

अस्थिलेख हा दहाएक वर्षांपूर्वीचा शोध. हाड म्हणजे दगड असं आपल्याला वाटतं, पण ते सतत डागडुजी चालू असलेलं घर आहे. हादरा बसला की हाडात केसाहून बारीक भेगा पडतात. शरीरातल्या काही पेशी भेगाळलेली जागा कोरून काढतात, दुसऱ्या पेशी तिथे नवं हाड भरतात आणि त्या ठिगळाभोवती एक रेघ उरते. रेघा डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक होत्या. ठिगळाचं वय मात्र कुणाला काढता येत नव्हतं. ते जमलं एका साध्या गोष्टीमुळे. नव्या हाडातल्या प्रथिनांचे बारीक घटक सगळे एका बाजूचे असतात, डावे म्हणू. जसजसा काळ जातो तसे त्यांतले काही उलटून उजवे होतात. अंगाची ऊब बारा महिने सारखी, त्यामुळे उलटण्याचा वेगही सारखा. डावे किती, उजवे किती हे मोजलं की ठिगळ कुठल्या साली, कुठल्या महिन्यात पडलं ते सांगता येतं. मणक्यात सुई घालून राळ्याएवढा कण काढायचा आणि तो क्ष-किरणांच्या चित्राशी ताडून बघायचा. शिवाय वाकून ओझं उचललं तर भेगा मणक्याच्या पुढच्या कडेला पडतात आणि बसल्या जागी खालून हादरे बसले तर मधोमध. म्हणजे कधी लागलं आणि कसं लागलं, दोन्ही हाडातच लिहिलेलं.

या शोधाने कितीतरी भांडणं संपवली होती. पूर्वी पाठ गेलेला ड्रायव्हर म्हणायचा ट्रकमुळे, कंपनी म्हणायची शेतात पोती उचलली असशील, आणि निकाल लागेपर्यंत माणूस खाटेवरून उठलेला नसायचा. आता हाडच साक्ष देई. फक्त एक गोष्ट हाडाला सांगता येत नव्हती. हादरा का बसला, कुणामुळे बसला, ते त्याला ठाऊक नसतं. त्यासाठी ट्रकच्या सीटमधली नोंद बघत.

"हादरे ट्रकचेच आहेत," अनघाबाई म्हणाल्या. "पण ही सीटची नोंद बघा. सहा वर्षांत घाटातली एकही खेप मोकळ्या सीटवर नाही. कायम कडी घातलेली. मंडळाचा नियम एकोणीस तुम्हाला माहितीये. कामगाराने आपल्या मनाने सुरक्षेचं साधन बंद केलं, तर भरपाई नाही आणि मंडळाच्या इस्पितळात शस्त्रक्रियाही नाही."

"बाकीच्यांच्या नोंदी बघितल्या का?" मास्तरांनी विचारलं.

"बघता येत नाहीत. ज्याने दावा केलाय त्याचीच नोंद उघडायची, हा कायदा तुमच्याच युनियनने भांडून करून घेतलाय." त्या थोड्या हसल्या. "तुम्हाला साताऱ्याला यायचंय. खोटं काही बोलायचं नाही. तुम्ही पान चौदा शिकवता, एवढंच मंडळापुढे वाचून दाखवायचं. आणि तुमची पाठ लोकांना दिसतेच. सदतीस वर्षांत काही झालं नाही, कारण तुम्ही शिस्तीत चालवलंत."

मास्तरांनी चहा संपवला. त्यांना खोटं बोलायला सांगितलं असतं तर त्यांनी ताडकन नाही म्हटलं असतं. इथे खरंच बोलायचं होतं, फक्त अर्ध्यावर थांबायचं होतं. म्हणून ते मूग गिळून बसले, आणि त्याची त्यांना तिथल्या तिथे लाज वाटली.

बाईंना माहीत नसलेली एक गोष्ट मास्तरांच्या पोटात होती. पस्तीस साली कंपनीने प्रत्येक केबिनमध्ये जागता कॅमेरा बसवला. ड्रायव्हरची मान डुलली की डुलकी लागली असं समजून तो अलार्म वाजवी. एका खेपेत तीन अलार्म झाले की ट्रक आपणहून कडेला जाऊन अर्धा तास बंद. आता तरंगत्या सीटवर बसलेल्या माणसाची मान घाटात हलणारच. पहिल्या आठवड्यात निम्मे ट्रक कडेला उभे राहिले. तेव्हाच्या साहेबांनी फोन केला, "मास्तर, अलार्म बंद झाले पाहिजेत. कसे ते मला सांगू नका." मास्तरांना डिझेलच्या जमान्यातली कडी आठवली. कडी घातली की मान हलत नाही. नोव्हेंबरच्या तुकडीला त्यांनी ती शिकवली, तुकडीने बाकीच्यांना शिकवली, आणि महिन्याभरात घाट शांत झाला. साहेब बढती घेऊन दुसरीकडे गेले. फोनची नोंद कुठेच नव्हती. शिकवणीचा ट्रक इतका जुना की त्याच्या सीटलाही नोंद नव्हती.

ब्रेक ढुंगणाला कळतो ही गोष्ट डिझेलच्या ट्रकपुरती खरी होती. नव्या ट्रकचा ब्रेक मोटरच लावते, तो तापत नाही. हे मास्तरांना चांगलं ठाऊक होतं. पण 'कॅमेऱ्यासाठी कडी घाला' असं सांगण्यापेक्षा ते सांगायला बरं वाटे.

*

नजीरचं घर कोयनानगरला. तो पलंगावर नव्हता. गादीखाली फळी घालून जमिनीवरच पडला होता. त्याची बायको रेहाना हिने मास्तरांपुढे खुर्ची सरकवली आणि काही न बोलता आत गेली. एरवी मास्तर आले की तिची कोण धांदल उडायची.

"डाव्या पायाला मुंग्या येत्यात," नजीर छताकडे बघत म्हणाला. "डॉक्टर म्हनला, दोन-तीन महिन्यात आपरेशन झालं तर पाय ऱ्हाईल. मंडळाच्या इस्पितळात मनका बदलत्यात. भायेर करायचं म्हंजी आपल्या आवाक्यातलं न्हाई."

"दावा मंजूर व्हईल."

"न्हाई व्हायचा, मास्तर." नजीरने मान वळवायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "मी जबाब दिला. कडी माझ्या मनानं घातली. कुनी सांगितलं न्हवतं."

मास्तरांना आधी नीट कळलंच नाही. मग कळलं. "आरं, कुनी सांगितलं तुला असं लिवून द्यायला?"

"तुमची नोकरीची दोनच वर्सं ऱ्हायलीती. त्यात तुमचं नाव कशाला घालू?" नजीर थांबला. "पैल्या आठवड्यात मी वळनावर डोळं मिटत हुतो. आठवतंय? तुमी शेजारी बसून सगळं बघितलं, आन आफिसात एका शब्दानं बोलला न्हाईसा. म्हयनाभर रोज माझ्यासंगट खालीवर केलंसा. न्हाईतर मी आज कुनाच्या तरी गोठ्यात शेन काढत असतो."

आतून रेहाना बाहेर आली. हातात चहाचा कप होता, तो तिने मास्तरांच्या हातात न देता खाली ठेवला. "मास्तर, ह्ये तुमी शिकवल्यापरमानं वागलं. एक दीस चुकलं न्हाईत. मग पाय ह्यांचा एकट्याचाच का जायाचा?"

"रेहाना, गप ऱ्हा."

"लई दीस गप ऱ्हायले," ती म्हणाली आणि तिथेच उभी राहिली.

मास्तरांनी कप तसाच राहू दिला. उठताना त्यांच्या तोंडून बारीकसा हुंकार निघाला. खोकल्याचं निमित्त करून त्यांनी तो झाकला. त्या घरात कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण मास्तरांची पाठ दुखू शकते हे कुणाच्या डोक्यातही येत नव्हतं.

*

ते फक्त एका माणसाला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीनंतर मास्तर भिंतीला दोन्ही हात टेकून उभे राहिले आणि त्यांच्या बायकोने, शैलाने, नेहमीसारखा पाठीचा पट्टा करकचून आवळला. हे पाच वर्षं चाललं होतं. पट्ट्यावर बनियन, बनियनवर शर्ट, शर्टवर ताठ मास्तर. प्रशिक्षकाची पाठ गेली हे कळलं असतं तर नोकरी गेली असती, हे एक कारण. दुसरं कारण मास्तरांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. रोज शंभर माणसं आपल्याकडे बघून सरळ बसतात, हे त्यांना आवडायचं.

"साताऱ्याला काय बोलनार?" शैलाने विचारलं.

"पान चौदा."

"आन म्होरचं?"

"म्होरचं बोललो तर नोकरी जाती. दोन वर्सं ऱ्हायलीती, शैला. आन बोलून तरी उपेग काय? पुरावा न्हाई. म्हनतील, लाडक्या चेल्याला वाचवतोय."

शैलाने पट्ट्याचं शेवटचं बक्कल लावलं आणि हात तिथेच ठेवला. "पुरावा रोज सकाळी मी बांधतीया," ती म्हणाली.

मास्तरांचे हात भिंतीवरच होते. नव्या तुकडीची तारीख, कॅमेरा, नोव्हेंबर, एप्रिल, सगळं त्यांच्या मनात एका ओळीत लागत गेलं. एरवी ते कंपनीच्या कामाने वर्गात आणि तळावर असत. ट्रक चालवत ते फक्त तुकडी असली की. वर्षातून दोनदा, नोव्हेंबरात आणि एप्रिलात, तीन-तीन आठवडे, दिवसाला बारा खेपा, प्रत्येक नव्या पोराला स्वतः चालवून दाखवत. कडी घालून.

*

साताऱ्याच्या मंडळात पीठासीन अधिकारी होत्या लोखंडे नावाच्या बाई. नजीरला चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. रेहाना त्याच्यामागे उभी होती. कंपनीचे वकील देवस्थळी यांनी मास्तरांच्या हातात पुस्तक दिलं. मास्तरांनी पान चौदा वाचलं. आवाज नेहमीसारखा खणखणीत.

"हेच शिकवता तुम्ही?"

"वर्गात ह्येच शिकवतो."

"आभारी आहे," असं म्हणून देवस्थळी बसायला लागले.

"ट्रकमधी दुसरं शिकवतो," मास्तर म्हणाले.

देवस्थळी अर्धवट बसल्या अवस्थेतून पुन्हा उभे राहिले. मास्तरांनी कॅमेरा, अलार्म, फोन, कडी, सगळं पाच मिनिटांत सांगून टाकलं. मागे अनघाबाईंनी वही मिटली. त्यांना हे पहिल्यांदाच कळत होतं आणि ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

देवस्थळींनी आपलं काम चोख केलं. फोनची नोंद आहे का? नाही. शिकवणीच्या ट्रकची? नाही. दुसरा एखादा ड्रायव्हर सांगायला तयार आहे का? नाही, कारण जो सांगेल तोही नियम एकोणीसमध्ये अडकेल. "आणि मॅडम, मास्तरांच्या म्हणण्यानुसार त्यांनी स्वतः सहा वर्षं कडी घालून शेकडो खेपा केल्या. तरी ते आपल्यासमोर असे उभे आहेत. मग एक तर कडीने काही होत नाही, किंवा त्यांनी ती घातलीच नाही."

मास्तरांनी शर्ट वर केला. बनियन वर केलं. काळ्या पट्ट्याची चार बक्कलं होती, ती एकेक करून सोडली आणि पट्टा टेबलावर ठेवला. मग ते टेबलाचा आधार न घेता उभे राहायला गेले आणि त्यांना ते जमलं नाही. पहिल्यांदाच लोकांनी मास्तरांना वाकलेलं पाहिलं.

"माझं हाड बघा," ते म्हणाले. "आन कंपनीचं शिकवनीचं येळापत्रक त्याच्या शेजारी ठिवा."

मंडळाच्या डॉक्टर नाईकनवरे यांनी त्याच दुपारी सुई घातली. निकाल यायला बारा दिवस लागले. दिवाळी त्यातच येऊन गेली, मास्तरांच्या घरी फराळ झाला की नाही ते शैलाला विचारावं लागेल. नव्या तुकडीचं काम कंपनीने दुसऱ्याकडे दिलं.

बाराव्या दिवशी पडद्यावर मास्तरांचा चौथा मणका आला. मधोमध, एकाखाली एक, फिकट पट्टे होते. डॉक्टरांनी काठीने दाखवलं. "ही ठिगळं सलग नाहीत. दाट पट्टा, मग मोकळी जागा, मग पुन्हा दाट पट्टा. ट्रक रोज चालवणाऱ्या माणसाचं हाड असं दिसत नाही, शिकलगारांचं बघा, ते सगळं सारखं भरलंय. यांना ठरावीक काळातच हादरे बसलेत. महिनाभर इकडेतिकडे धरून मी तारखा काढल्यात. वेळापत्रक कोण वाचतंय?"

वेळापत्रक कंपनीचं, म्हणून लोखंडेबाईंनी ते देवस्थळींनाच वाचायला सांगितलं. "नोव्हेंबर पस्तीस," ते म्हणाले. "आहे," डॉक्टर म्हणाल्या. "एप्रिल छत्तीस." "आहे." असं चाललं. सदतीस सालचा नोव्हेंबर झाला. "एप्रिल अडतीस," देवस्थळींनी वाचलं.

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तिथे पट्टा नाही."

देवस्थळींनी मान वर केली. "वेळापत्रकात तुकडी आहे, मॅडम. मग पट्टा का नाही?"

"दरड आलती," मास्तर खालच्या आवाजात म्हणाले. "घाट चाळीस दीस बंद हुता. ती तुकडी झालीच न्हाई."

अनघाबाईंनी आपल्या यंत्रावर शोधलं आणि कुणी न विचारता सांगितलं, "बरोबर आहे. तुकडी रद्द झाल्याचं पत्र आहे." देवस्थळींनी त्यांच्याकडे रागाने बघितलं आणि पुढचं वाचायला घेतलं. यादी संपली तेव्हा बारा तुकड्यांपैकी अकरा पट्टे जुळले होते आणि बाराव्याची रिकामी जागाही जुळली होती.

मास्तरांनी नजीरकडे बघितलं. त्यांना वाटलं होतं तो हसेल. नजीर हसत नव्हता.

"पाच वर्सं?" बाहेर व्हरांड्यात त्याने विचारलं. "पाच वर्सं पट्टा बांधत हुता तुमी?"

"व्हय."

"कडीचं सोडा. ते साहेबांनी सांगितलं, तुमी आमाला सांगितलं. पन माझी पाठ धराया लागली तवा मी तुमच्याकडं आलतो. छत्तीस सालीच. तुमी म्हनलासा, माझ्याकडं बघ." त्याचा आवाज चढला नाही. "मी बघितलं, मास्तर. तुमच्याकडं बघूनच गप बसलो."

रेहानाने खुर्ची वळवली. मास्तर व्हरांड्यातच थांबले. शिक्षा मंडळाने द्यायच्या आधीच ती त्यांना मिळाली होती.

*

निकाल लागला. नजीरची शस्त्रक्रिया झाली आणि पाय राहिला, जरा ओढत चालण्यापुरता. कारणाच्या रकान्यात मंडळाने लिहिलं : जागत्या कॅमेऱ्याची सदोष रचना, व्यवस्थापनाचा तोंडी आदेश आणि प्रशिक्षक म. सा. कणसे यांची शिकवण. कॅमेऱ्याची अक्कल सुधारायला कंपनीला तीन महिने दिले. सीटच्या तालात मान हलली तर अलार्म वाजवायचा नाही, एवढंच त्याला शिकवायचं होतं. ते सहा वर्षांपूर्वीही दोन दिवसांत जमलं असतं. मास्तरांची नोकरी गेली. त्यांच्या स्वतःच्या मणक्याला भरपाई नाही, कारण त्यांनी सगळं जाणूनबुजून केलं होतं. नियम एकोणीस. मास्तरांनी त्यावर अपील केलं नाही.

पण कागदावरचा हुकूम डावीकडे वाकणारा हात ऐकतोच असं नाही. कॅमेरा सुधारला तरी पोरं स्टिअरिंगला हात लावत, तो कपाळाला नेत आणि कडी घालत. नव्या प्रशिक्षकाने पान चौदाचा फलक करून टांगला. पोरं फलकाखालून जात आणि कडी घालत.

एप्रिलपासून मास्तर घाटमाथ्यावरच्या चहाच्या टपरीपुढे बाकावर बसू लागले. सकाळी आठ ते दुपारी एक. टपरीपुढे रस्ता खडबडीत, ट्रक सावकाश जात. काचेतून ड्रायव्हरचं डोकं दिसे. डोकं खालीवर हललं की सीट मोकळी. स्थिर राहिलं की कडी घातलेली. स्थिर डोकं दिसलं की मास्तर उठून हात करत, ट्रक थांबे, कडी निघे. उद्या परत तेच. लोक म्हणाले, मास्तरांचं डोकं फिरलंय. शैलाने मात्र डबा द्यायला सुरुवात केली.

मे महिन्यातल्या एका सकाळी बाकाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी काठी टेकून बसलं. नजीर होता. सहा महिन्यांत त्याने मास्तरांचं तोंड पाहिलं नव्हतं.

"किती झाली?" त्याने रस्त्याकडे बघत विचारलं.

"सकाळधरनं एकवीस डोकी. चौदा हलली."

"रेहाना म्हनली, जाऊन या." एवढंच बोलून नजीरने दोन चहा सांगितले. दोघं रस्त्याकडे बघत बसले. एक ट्रक गेला, डोकं हलत होतं. दुसरा गेला, हलत होतं. तिसऱ्यात विराज झोरे, मास्तरांच्या शेवटच्या तुकडीतला, पंचवीस वर्षांचा. त्याचं डोकं भिंतीवरच्या तसबिरीसारखं स्थिर होतं.

मास्तरांनी हात केला. ट्रक थांबला. विराजने काच खाली घेतली.

"कडी काढ."

"मास्तर, उशीर झालाय ओ. आन तुमीच तर शिकवलंय की. ब्रेक कळत न्हाई म्हनून."

"व्हय. मीच शिकवलंय. खोटं शिकवलं. ह्या ट्रकचा ब्रेक तापत न्हाई." मास्तरांनी दांडी धरली आणि कडी स्वतःच काढावी म्हणून पायरीवर पाय ठेवला. पट्टा त्यांनी साताऱ्यापासून सोडून दिला होता. पाय वर गेला, पाठ गेली नाही. ते तसेच अर्ध्यात अडकले, दांडी धरून, कपाळावर घाम फुटलेला. मागून नजीर काठी टेकत आला आणि त्याने त्यांच्या कमरेला हात दिला. आता एक लंगडा आणि एक वाकडा, असे दोघे विराजच्या दारात लोंबकळत होते.

विराजने घाईघाईने नजर दुसरीकडे वळवली. म्हाताऱ्या माणसाची फजिती बघू नये एवढे संस्कार त्याच्यावर झाले होते.

"तिकडं नगं," मास्तर म्हणाले. "माझ्याकडं बघ."

विराजने बघितलं. मग तो डावीकडे वाकला. खाली लोखंड खणकलं आणि फुस्स आवाज करत सीट त्याला घेऊन चार बोटं वर आली.

नजीरने मास्तरांना पायरीवरून उतरवून घेतलं. ट्रक निघाला, टपरीपुढच्या खड्ड्यातून गेला आणि पहिल्या वळणाला लागला. दोघं तिथेच उभे राहून बघत होते.

"हाललं का रं?" मास्तरांनी विचारलं. त्यांना मान वळवता येत नव्हती.

"हाललं," नजीर म्हणाला.